हवेतून कळलेला किनारा

नामिबियाच्या कन्सेप्शन बे भागात एक जहाज वाळवंटात उभे आहे. नाव ‘एडुआर्ड बोलेन’. हॅम्बुर्गच्या वोरमान कंपनीचे हे मालवाहू जहाज ५ सप्टेंबर १९०९ रोजी स्वाकोपमुंडहून दक्षिणेकडे टेबल बेला निघाले असताना दाट धुक्यात भरकटले आणि वाळूत रुतले. रुतले तेव्हा भोवती पाणी होते. पुढच्या शंभर वर्षांत वाळू साचत गेली, समुद्र मागे हटला आणि आता जहाज व लाटा यांच्यामध्ये काहीशे मीटर कोरडी जमीन आहे. जवळ उभे राहिले तर गंजलेले पत्रे आणि वाळूने भरलेले जहाजाचे पोट एवढेच दिसते. छोट्या विमानातून काहीशे फुटांवरून पाहिले, की जहाज, मधली कोरडी पट्टी, फेसाची रेषा आणि पूर्वेला क्षितिजापर्यंत पसरलेल्या वाळूच्या टेकड्या एकदम नजरेत येतात. किनारा सरकला कसा, हे सांगायला मग कुणाची गरज उरत नाही.

नामिबियाला सुमारे १५०० किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे. दक्षिणेला ऑरेंज नदी, उत्तरेला अंगोलाच्या सीमेवरची कुनेने. त्यातला उगाब नदीपासून कुनेनेपर्यंतचा ५०० किलोमीटरचा पट्टा ‘स्केलेटन कोस्ट’ म्हणजे सांगाड्यांचा किनारा या नावाने ओळखला जातो. सैलपणे बोलताना दक्षिणेकडचा बराच भागही त्यात धरतात. समुद्रावरून येणाऱ्यांना हा किनारा कळला नाही, कारण जवळ जाणारी जहाजे फुटत. बाहेरून पायी येणाऱ्यांनाही तो कळला नाही, कारण वाटेत पाणी नव्हते. जगाला त्याची खरी ओळख झाली ती विमानामुळे, तीही गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत.

असे का झाले हे समजायला आधी समुद्र पाहावा लागतो. अंटार्क्टिकाकडून येणारा बेंगुएला हा थंड प्रवाह आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागून उत्तरेकडे वाहतो. दक्षिणेकडून वाहणारा वारा वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि तळाचे थंडगार पाणी वर येते. या पाण्यात मासळी अमाप. पण थंड पाण्यावरच्या हवेतून पाऊस पडत नाही, पडते ते धुके. किनाऱ्यावर वर्षाकाठी पंधरा-वीस मिलिमीटर पाऊस झाला तरी पुष्कळ. धुके मात्र पन्नास किलोमीटर आतपर्यंत शिरते. नामिब वाळवंटातला एक काळा भुंगेरा टेकडीच्या माथ्यावर डोके खाली आणि पाठ वर करून उभा राहतो, पाठीवर साचलेले धुक्याचे थेंब ओघळत तोंडाशी आले की पितो. जीवसृष्टी जिथे धुक्यावर जगते तिथेच ते धुके खलाशाच्या जिवावर उठत आले आहे.

कोकणच्या किनाऱ्याची सवय असलेल्या माणसाला हा प्रकार डोळ्यांसमोर आणणे अवघड जाईल. वसईपासून गोव्यापर्यंत दर काही कोसांवर खाडी आहे, खाडीच्या तोंडाशी बंदर आहे, वादळ आले तर शिरायला जागा आहे, उतरलात की विहीर आहे आणि नारळ आहे. इथे शेकडो किलोमीटर खाडी नाही. नद्या नकाशावर आहेत, पण वर्षातले बहुतेक दिवस कोरड्या. लाटा इतक्या जोराच्या की होडी किनाऱ्याला लावणे कठीण आणि वल्हवत परत नेणे त्याहून कठीण. फुटलेल्या जहाजावरून कुणी पोहत जमिनीवर आलाच, तर तो आगीतून फुफाट्यात पडायचा.

पण या किनाऱ्याला ‘निर्जन’ म्हणणे ही जहाजावरची नजर झाली. तिथे माणसे राहत होती. किनाऱ्यालगत दगडांची गोल कुंपणे आजही सापडतात, आणि त्यांवर छप्पर धरायला देवमाशांच्या बरगड्या वापरल्याच्या खुणा दिसतात. शिंपले, सील आणि किनाऱ्याला लागलेले देवमासे यांवर ही माणसे गुजराण करत. वॉल्विस बेच्या मागे कुइसेब नदीकाठी राहणारे टोपनार लोक ‘नारा’ नावाचे काटेरी वेलीचे फळ आजही गोळा करतात. वाळूखालच्या पाण्यापर्यंत मुळे पोचलेल्या या वेलीने पिढ्यान्‌पिढ्यांना जगवले. उत्तरेला कुनेनेच्या बाजूला हिंबा गुराखी आहेत. त्यांना कुठे पाणी, कुठे चारा हे ठाऊक होते. त्यांचे ज्ञान कुणी नकाशावर उतरवले नाही, एवढाच फरक.

पोर्तुगीज इथे १४८६ साली आले. दियोगु कांव या दर्यावर्दीने केप क्रॉस येथे दगडी क्रूस रोवला आणि तो मागे फिरला. पुढे १४९७ मध्ये वास्को द गामा निघाला तेव्हा त्याने हा किनारा धरलाच नाही. अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे मोठा वळसा घेऊन तो थेट दक्षिण टोकाजवळ सेंट हेलेना बेला लागला, आणि तिथून पुढे कालिकत. गोव्याकडे येणारी पुढची पोर्तुगीज गलबते याच बेताने चालली. म्हणजे ज्या जलमार्गाने गोव्याचा साडेचारशे वर्षांचा इतिहास घडवला तो मार्गच मुळात हा किनारा टाळण्यावर उभा होता. ज्यांना तो टाळणे जमले नाही त्यांच्यातल्या एका जहाजाची गोष्ट पुढे येईल.

मधली चारशे वर्षे थोडक्यात सांगता येतात. देवमाशांची शिकार करणारे आले, सीलच्या कातड्यांसाठी आले, समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत म्हणजे ग्वानो उपसणारे आले. केप क्रॉसला १८९५ च्या सुमाराला ग्वानो वाहून नेण्यासाठी रेल्वेचे रूळही पडले. दक्षिणेला ल्युडरिट्झजवळ १९०८ मध्ये झकारियास लेवाला या रेल्वे कामगाराला रुळावरची वाळू सारताना हिरा सापडला. तो आधी किंबर्लीच्या खाणीत कामाला होता, म्हणून खडा ओळखला. वरिष्ठांनी दाव्याचे कागद केले, तेव्हा इथे राज्य करणाऱ्या जर्मन सरकारने सगळा प्रदेश बंद केला, आणि लेवालाच्या हाती काही पडले नाही. या किनाऱ्याच्या इतिहासात असे पुन्हा पुन्हा दिसते, की जागा ओळखणारा एक आणि कागद करणारा दुसरा.

आणि मग विमान आले. आले ते लढाईसाठी.

पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या या वसाहतीवर दक्षिण आफ्रिकेने चढाई केली तेव्हा जर्मनांकडे मोजून दोन-तीन विमाने होती. त्यांचा वैमानिक पाउल फिडलर ल्युडरिट्झच्या पूर्वेला वाळवंटात तळ ठोकलेल्या दक्षिण आफ्रिकी फौजेवर घिरट्या घालायचा, छायाचित्रे काढायचा आणि तोफेचे गोळेच बॉम्बसारखे खाली टाकायचा. समोरच्या बाजूने १९१५ मध्ये वॉल्विस बेला ऑंरी फार्मान विमाने उतरवली. त्यांचा सांगाडा मुद्दाम पोलादाचा घेतला होता, कारण लाकडी विमान या हवेत टिकणार नाही हा अंदाज होता. दिवसभराचे कोरडे ऊन आणि रात्रीचे दमट धुके यांत लाकूड वाकते, सांधे सुटतात. लढाईच्या दृष्टीने या विमानांचे काम टेहळणीचे. पण घोडेस्वारांच्या तुकड्यांना जे अंतर कापायला दिवस लागत, ते वैमानिक एका सकाळीत पाहून येई. पाण्याच्या विहिरी कुठे आहेत आणि त्यांवर कोण बसले आहे, हे ज्याला आधी कळेल तो जिंकणार होता.

युद्धानंतर हा मुलूख दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात गेला. विंडहुकहून टपालाची विमाने उडू लागली, आणि विक्रमासाठी उडणाऱ्या वैमानिकांचाही तो काळ होता. केप टाउनहून लंडनकडे निघालेला कार्ल नाउअर हा स्विस वैमानिक १९३३ मध्ये या किनाऱ्यावर बेपत्ता झाला. त्याची हाडे कधीतरी या ‘सांगाड्यांच्या किनाऱ्यावर’ सापडतील असे तेव्हा एका पत्रकाराने लिहिले, आणि नाव तिथूनच पडले असे सांगतात. किनाऱ्यावर विखुरलेली देवमाशांची हाडे आणि जहाजांच्या फासळ्या पाहता ते नाव कुणालाही सुचले असते. ते रूढ केले मात्र जॉन मार्श या केप टाउनच्या पत्रकाराने १९४४ साली लिहिलेल्या पुस्तकाने. पुस्तकाचा विषय होता ‘डनेडिन स्टार’.

ही हकिकत सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण समुद्र, जमीन आणि हवा या तिन्ही वाटा तिच्यात एकाच वेळी पणाला लागल्या.

‘डनेडिन स्टार’ हे ब्रिटिश जहाज नोव्हेंबर १९४२ मध्ये लिव्हरपूलहून निघाले. इजिप्तमध्ये लढणाऱ्या फौजेसाठी दारूगोळा आणि सामान, २१ प्रवासी आणि ८५ खलाशी. जर्मन पाणबुड्यांच्या धास्तीने ते आफ्रिकेच्या किनाऱ्याला जवळ धरून चालले होते. २९ नोव्हेंबरच्या रात्री कुनेनेच्या दक्षिणेला ते पाण्याखाली कशावर तरी आदळले. पाणी इतक्या वेगाने आत येऊ लागले की कप्तानाने जहाज किनाऱ्याकडे वळवून वाळूत चढवले. मोटरबोटीने फेऱ्या मारून ६३ जणांना जमिनीवर पोचवले. त्यांत बायका होत्या, तान्ही मुले होती. मग लाटांनी बोट निकामी केली. ४३ जण जहाजावर अडकले, ६३ जण वाळूवर, आणि मध्ये काही शे मीटर उसळते पाणी.

बिनतारी संदेश ऐकून जहाजे धावली. जहाजावरच्या ४३ जणांना त्यांनी उचलले. वाळूवरच्यांपर्यंत मात्र कुणाला पोचता येईना. वॉल्विस बेहून मदतीला आलेली ‘सर चार्ल्स एलियट’ ही टगबोट परतताना रॉकी पॉइंटजवळ स्वतःच खडकावर गेली आणि तिच्यावरचे दोघे बुडाले. तराफ्यांवरून सोडलेली मदत लाटा हवी तिथे नेत होत्या.

तेव्हा दक्षिण आफ्रिकी हवाई दलाचे व्हेंचुरा बॉम्बर पाठवण्यात आले. वैमानिक कॅप्टन इमिन्स नोदे. त्याने रबरी ट्यूबांमध्ये पाणी भरून वरून टाकले. बऱ्याच ट्यूबा आपटून फुटल्या. खाली तहानलेली मुले दिसत होती. नोदेने ठरवले की उतरायचे आणि बायका-मुलांना घेऊनच जायचे. हा निर्णय वेडेपणाचा होता असे मागाहून म्हणणे सोपे आहे. वर घिरट्या घालताना ज्याला ती मुले दिसली, त्याने घेतलेला तो निर्णय होता. विमान नीट उतरलेही. पण वळवून उड्डाणासाठी सज्ज करताना वरचा कठीण पापुद्रा फुटला आणि चाके खालच्या मऊ वाळूत गेली. सुटका करायला आलेलेही आता अडकलेल्यांत जमा झाले.

विंडहुकहून पोलिसांच्या ट्रकांचा तांडा निघाला होता. रस्ता नव्हताच, कोरड्या नद्यांच्या पात्रांतून, खडकांतून, मिठाच्या दलदलीतून वाट काढायची. चाके रुतली की माणसांनी उतरून खोदायचे, ट्रक काही हात पुढे सरकवायचा, पुन्हा खोदायचे. काही दिवशी सूर्यास्तापर्यंत जेमतेम दोन-चार मैल कापले गेले. इतर व्हेंचुरा विमाने अडकलेल्यांना आणि या तांड्यालाही वरून अन्नपाणी टाकत राहिली. जमिनीवरच्या माणसाला पुढच्या टेकडीपलीकडचे दिसत नव्हते. हवेतल्याला सगळे दिसत होते, पण मदतीचा हात देता येत नव्हता. काही जणांना ‘नेरीन’ या नौकेने लाटांतून ओढून घेतले, बाकीचे ट्रकांनी निघाले. शेवटची माणसे २४ डिसेंबरला विंडहुकला पोचली. जहाजावरच्या १०६ जणांपैकी एकही दगावला नाही.

नोदे जानेवारी १९४३ मध्ये आपले विमान सोडवायला परत गेला. एवढे अवजड विमान माणसांनी वाळूतून खणून काढले आणि ते उडालेसुद्धा. पाऊण तासाच्या आत इंजिनाने दगा दिला व विमान समुद्रात पडले. नोदे आणि त्याचे दोन सहकारी पोहत किनाऱ्याला लागले, चालत निघाले आणि परतणाऱ्या ट्रकांना गाठून वाचले. या किनाऱ्याने एकाच मोहिमेत एक जहाज, एक टगबोट आणि एक विमान घेतले.

यातून उडणाऱ्यांना एक धडा मिळाला, तो म्हणजे वजनाचा. भरलेल्या व्हेंचुराचे वजन दहा टनांच्या वर जाते. पुढच्या काळात इथे जे विमान रुळले ते सेसना २१०. सहा आसने, एक इंजिन, भरून पावणेदोन टनांच्या आसपास. पंख डोक्याच्या वर असल्यामुळे खिडकीतून थेट खालची जमीन दिसते. अनोळखी जागी उतरण्याची रानातल्या वैमानिकांची एक जुनी रीत आहे. आधी जागेवरून अगदी खालून एक फेरी मारायची आणि मोठे दगड, खळगे, झुडपे बघायची. दुसऱ्या फेरीला इंजिनाचा जोर न सोडता चाके फक्त जमिनीला घासायची आणि लगेच वर जायचे. मग वळून आपल्याच चाकांची खूण तपासायची. खूण उथळ आणि फिकी असेल तर खाली खडी घट्ट आहे. खूण काळी, खोल दिसली तर वरचा पापुद्रा फुटला, खाली ओल आहे. तिथून निघून जायचे. खिडकीतून एक क्षण खाली पाहून घेतलेल्या या अंदाजावर आत बसलेल्यांचा जीव अवलंबून असतो. धुक्याचेही तसेच. सकाळी समुद्रावरून आलेला धुक्याचा थर किनाऱ्यावर झोपलेला असतो, पण तो उंचीला फार नसतो. जाणता वैमानिक आत खडीच्या मैदानांवरून, उन्हातून उडतो आणि धुके विरले की किनाऱ्याला येतो.

ही विद्या ज्यांनी या किनाऱ्यावर मुरवली त्यांत लाउ स्कूमन यांचे नाव पहिले. ते वकील होते. १९६० च्या दशकात उत्तर भागात हिरे आणि इतर खनिजांचे परवाने घेऊन कंपन्या उतरल्या होत्या, सारूसासला जांभळे स्फटिक निघत होते, म्योवे बेला बंदर बांधण्याचा घाट होता. स्कूमन त्या उद्योगाच्या कामासाठी विमानाने जा-ये करू लागले. बंदर बारगळले, हिऱ्यांतून फारसे काही निघाले नाही, यंत्रे जागच्या जागी गंजली. स्कूमन मात्र येतच राहिले, मित्रांना घेऊन येऊ लागले, आणि १९७७ मध्ये त्यांनी छोट्या विमानाने लोकांना हा किनारा दाखवण्याचा व्यवसाय सुरू केला. खाण आणि बंदराच्या कागदांसाठी इथे आलेला वकील पुढे या भागात खाण आणि रस्ता नको म्हणून भांडू लागला. एकच जमीन वर्षानुवर्षे वरून पाहत राहिल्याने हा बदल झाला, असे मानायला जागा आहे. १९९३ मध्ये ते वारले. मुलांनी काम पुढे चालवले. या व्यवसायात वैमानिकच वाटाड्या असतो. हातातले सुकाणू सोडून उतरला की तोच दगडांची वर्तुळे दाखवतो, तोच सीलची कवटी उचलून दात समजावतो.

उगाब ते कुनेने हा पट्टा १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. उत्तरेकडच्या भागात आजही मोजक्याच लोकांना सोडतात. त्यामागचे कारण एका चाकोरीत पाहता येते. खडीच्या मैदानांवर दगडांना चिकटून शेवाळासारखी दगडफुले वाढतात, धुक्यावर जगतात, वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. गाडीचे चाक त्यांवरून एकदा गेले की खडे दाबले जातात, दगडफूल चिरडते, आणि ती खूण दशकानुदशके राहते. पाऊस नाही म्हणून धुऊन जात नाही, गवत नाही म्हणून झाकली जात नाही. कुणी गंमत म्हणून गाडी गोल फिरवली तर ते वर्तुळ त्याच्या नातवाला दिसेल. विमानातून अशा जुन्या चाकोऱ्या अगदी स्पष्ट दिसतात. छोटे विमान एका ठरलेल्या पट्टीवर उतरते, तिथूनच उडते, मधल्या शंभर किलोमीटरला त्याचा स्पर्श होत नाही. आवाज होतो, इंधन जळते, सीलच्या वसाहतीवरून खाली उडाले तर जनावरे बिथरतात. या तक्रारी खऱ्या आहेत. तरी या जमिनीच्या बाबतीत चाकापेक्षा पंख बरा.

विमानाने आणखी एक काम केले, ते मोजणीचे. केप क्रॉसच्या सील वसाहतीत हजारो जनावरे एकमेकांना खेटून असतात, मोठी सारखी पाण्यात जातात-येतात. जमिनीवरून मोजायची सोय नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पिल्ले जन्मतात. त्यांची लव काळीभोर असते आणि पहिले काही आठवडे ती पाण्यात उतरत नाहीत. म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून शास्त्रज्ञ डिसेंबरच्या उत्तरार्धात विमानातून छायाचित्रे घेऊ लागले आणि छायाचित्रातला एकेक काळा ठिपका मोजू लागले. पिल्लांच्या आकड्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. ज्या वर्षी मासळी दूर गेली त्या वर्षी ठिपके घटले, हे त्या छायाचित्रांत दिसते.

मात्र हवेतून दिसत नाही असेही पुष्कळ आहे. वरून पाहणाऱ्याला जमीन रिकामी वाटते. उद्यानाची सीमा आखली ती दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीने, आणि आखताना टोपनार वा हिंबा माणसांना कुणी विचारले नाही. त्याच काळात मागच्या डोंगराळ भागात वाळवंटी हत्ती आणि काळे गेंडे बंदुकांना बळी पडत होते. ते थांबवायला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निसर्गरक्षणाचे काम करणारे गार्थ ओवेन-स्मिथ यांनी गावच्या मुखियांशी बोलून स्थानिक माणसांनाच रक्षक म्हणून नेमायला सुरुवात केली. हे रक्षक पायी हिंडत, माग काढत. नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाल्यावर, १९९६ च्या कायद्याने गावांना आपल्या हद्दीतल्या वन्यजीवांवर हक्क मिळाला. होआरूसिब नदीकाठच्या पुरोस गावात आज हत्ती पाहायला येणाऱ्यांचा पैसा गावाच्या संस्थेत जमा होतो. प्राणी वाचले ते या पायी हिंडणाऱ्यांमुळे. विमानाने त्यांची संख्या सांगितली, जगाला चित्रे दाखवली. राखण माणसांनी केली.

हिंदुस्थानचा या किनाऱ्याशी संबंध २००८ मध्ये दोनदा आला. एप्रिलमध्ये दक्षिण टोकाला ओरान्येमुंडजवळ, हिऱ्यांसाठी समुद्र मागे रेटून खणलेल्या वाळूत खाणीच्या भूगर्भतज्ज्ञाला तांब्याचे गोळे सापडले. खणत गेल्यावर दोन हजारांहून अधिक सोन्याची नाणी, शंभराच्या आसपास हस्तिदंत, तोफा आणि जहाजाचे लाकूड निघाले. १५३३ मध्ये लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघालेले पोर्तुगीज जहाज ‘बोम जेझुस’ ते हेच, असे संशोधक मानतात. तांबे आणि सोने इकडे आणून मिरी भरून न्यायची, हा तेव्हाचा व्यापार. हिऱ्यांच्या कायद्याने तो प्रदेश शंभर वर्षे बंद होता, म्हणून ही संपत्ती कुणी लुटली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘झैला’ ही मोडीत काढलेली मासेमारी बोट दोराने ओढत वॉल्विस बेहून मुंबईला आणायला निघाले होते. दोर तुटला आणि बोट हेन्टीस बेच्या दक्षिणेला वाळूत बसली. माझगावच्या दारूखान्यात जहाजे तोडताना पाहिलेल्या मुंबईकराला तिच्या अवस्थेचा अंदाज येईल; फरक एवढाच, की इथे तोडणारे हात माणसांचे नसून लाटांचे आहेत. आता तिच्यावर पाणकावळ्यांनी वस्ती केली आहे आणि स्वाकोपमुंडहून उडणारी काही छोटी विमाने तिच्यावरून एक वळण घेतात.

म्योवे बेचे बंदर बारगळले तरी ती कल्पना मेली नाही. स्वातंत्र्यानंतर उत्तरेला केप फ्रियाजवळ मोठे बंदर बांधण्याचा विषय सरकारी पातळीवर पुन्हा पुन्हा निघाला. उत्तरेकडच्या जिल्ह्यांत रोजगार नाही, आणि समुद्र नसलेल्या शेजारी देशांच्या मालाला दुसरी वाट हवी आहे. ही गरज खोटी म्हणता येणार नाही. बंदर झाले की त्याच्या मागे रस्ता येईल, रेल्वे येईल, आणि ती खडीच्या मैदानांवरूनच जाईल. त्याच्या सर्वेक्षणासाठी पुढचे विमान जेव्हा उडेल तेव्हा अभियंत्यांच्या शेजारचे एक आसन पुरोसच्या रक्षकाला मिळायला हवे. कोणत्या कोरड्या पात्रात हत्ती पाण्यासाठी सोंडेने खड्डा खणतात, कोणत्या टेकडीआड गुरांचा उन्हाळी तळ पडतो, हे त्याने बोटाने दाखवावे आणि नकाशावर लिहून घ्यावे. १९७१ मध्ये सीमा आखताना हे कुणी केले नव्हते.